कातळकोंडचं एकोणीस मिनिटांचं मौन

कातळकोंडात सगळ्यात मोठ्याने कोण बोलतो, असे कोणी विचारले असते तर नदीपलीकडच्या गावांनीही नझीर गिरणीवाल्याचे नाव सांगितले असते. त्यांना तो ऐकू येत असे.

सोळा वर्षे नझीर गिरणीत उभा होता. एका कानाशी ऑइल इंजिन, दुसऱ्या कानाशी दळणाचे दगड, आणि मधे गिऱ्हाइके. या सगळ्यांच्या वर आवाज काढता काढता त्याचा गळाच तसा घडला होता. घरी तो मीठ मागायचा तर शेजारीण घेऊन यायची. एखाद्या बाईच्या कानाशी लागून त्याने विचारावे, "सून आली का माहेरून?" आणि रस्त्यावरून जाणाऱ्याने उत्तर द्यावे, "नाय आली अजून." त्याची बायको जहांआरा म्हणायची, या माणसाशी भांडण करायचे म्हणजे गावसभा बोलावण्यासारखे आहे, तेव्हा मी भांडतच नाही.

अशा माणसावर गावाने मौनाची जबाबदारी टाकली. साल एकोणीसशे ऐंशी. रायगड जिल्ह्याला तेव्हा अजून कुलाबा म्हणत होते.

कारण आदल्या वर्षी घडले होते. तीस जानेवारीला, गांधीजींच्या स्मरणार्थ, सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे उभे राहायचे असा सरकारी दंडक. कातळकोंडात तो वर्षानुवर्षे शाळेपुरता होता. पण एकोणऐंशी साली गावात दोन बाजू पडल्या. वरची वाडी दत्तारामची आणि खालची वाडी कुशाबाची. दोघांचे दोन पक्ष. कोण कोणत्या पक्षात होता हे सांगण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या दहा वर्षांत दोघांनीही ते बदलले. तर त्या वर्षी दोन्ही वाड्यांनी आपापली श्रद्धांजली वेगळी ठेवली. वरच्या वाडीचे घड्याळ एक मिनिट पुढे होते. त्यांचे मौन संपले, त्यांनी ‘अमर रहे’च्या घोषणा दिल्या, आणि त्याच वेळी खालच्या वाडीचे मौन सुरू होते. खालच्यांतल्या एकाने मान खाली ठेवूनच ओरडून सांगितले, "संपलं." कोणाचे संपले ते कळले नाही. धोंडे उडाले. अहिंसेच्या नावाने चार डोकी फुटली, आणि ती चारही नझीरच्या गिरणीच्या अंगणात आणून पिठाच्या पोत्यांना टेकवून ठेवली गेली. नझीरने पीठ चाळायच्या कापडाच्या पट्ट्या फाडून ती बांधली. दोन वरच्या वाडीची होती, दोन खालच्या. महाडच्या कोर्टात दावा उभा राहिला, आणि तेव्हापासून दर तारखेला दोन्ही बाजू एकाच एसटीने महाडला जात आणि एकमेकांकडे पाठ करून बसत. बस लहान असल्याने हे फार अवघड जाई.

म्हणून ऐंशी साली, निवडणुका होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, ग्रामसेवक सहदेव तालुक्याचे परिपत्रक घेऊन सगळ्यांना शाळेत बोलावून बसला. सहदेव घाटावरचा, तरुण, आणि लेखी गोष्टीवर विश्वास ठेवणारा.

"एकच मौन पाळायचं," तो म्हणाला. "इशारा भोंग्याने द्यावा असं लिहिलंय."

"भोंगा कुठनं आणायचा?" दत्ताराम म्हणाला. "शाळेची घंटा हाय ना."

"हेडमास्तर तुजा साडू," कुशाबा म्हणाला. कुशाबा साठीचा, कमी बोलणारा. "देवळाची घंटा वाजवा."

"आनि देवळाचा पंच तुजा भाऊ. तो अकरा कवा वाजवील ते देवाला पन नाय सांगणार."

एसटीच्या हॉर्नची सूचना आली. त्यावर दोन्ही वाड्या एकत्र हसल्या. त्या सभेत त्यांचे एकमत झाले ते तेवढ्यापुरतेच.

दारात काशीबाई बसली होती. तिला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी जा म्हणण्याची हिंमतही केली नव्हती. ती म्हणाली, "गिरणी थांबली का मला चुलीपुढं बसल्या बसल्या कळतं. दोनी वाड्यांत कळतं. आनि काय पायजे?"

हे खरे होते. इंजिनाच्या धुराड्याचा ‘पुक पुक पुक’ असा आवाज डोंगराला लागून परत येई. तो चालू असेपर्यंत कोणाच्या ध्यानात नसे. थांबला की मात्र बायका हातातले काम सोडून मान वर करत. अकराला गिरणी थांबली की मौन सुरू, दोन मिनिटांनी गिरणी चालू झाली की संपले. नझीरकडे मेहुण्याने, जुल्फिकारने, कुवेतवरून आणलेले घड्याळ होते. कुवेतचे घड्याळ कोणाच्या वाडीचे नव्हते. आणि नझीरची बाजू कोणती हे गावात कोणालाच माहीत नव्हते, कारण तो सगळ्यांवर सारखाच ओरडत असे.

सहदेवने ठराव लिहिला. शेवटी, मागच्या वर्षीचा अनुभव ध्यानात घेऊन, एक ओळ घातली: ‘कोणत्याही इसमाच्या तोंडी सांगण्यावरून मौन संपले असे समजू नये.’ दत्तारामने सही केली, कुशाबाने अंगठा दिला. नझीरने उभे राहून कबूल केले की त्या दिवशी सकाळी अकरापासून गिरणी सुरू होईपर्यंत आपण तोंडातून शब्द काढणार नाही. तो कबूल करत असताना पाठीमागच्या वर्गातली मुले दचकली.

घरी जहांआराने ऐकले आणि पीठ मळायचे थांबवले. "तुमी गप बसणार?"

"दोन मिन्टं."

"आनि कायतरी चुकलं तर? दोनी वाड्या म्हनतील, गिरणीवाल्यानं घात केला. मागल्या वेळंला चाळायचं कापड फाडलंत. आता माजं लुगडं नाय देनार."

नझीर हसला नाही. त्याच्याही मनात नेमके तेच होते. आपल्या अंगणात पुन्हा डोकी आणून ठेवली जाऊ नयेत, एवढेच त्याला हवे होते. आणि आता ते सगळे त्याच्या इंजिनावर येऊन ठेपले होते.

त्याने तयारी कसून केली. गिरणी बंद करण्याची तालीम एकोणतीस तारखेला तीनदा घेतली. डिझेल तोडल्यावर चाक किती वेळ फिरत राहते ते घड्याळाशी ताडून पाहिले, शेवटचा ‘पुक’ बरोबर अकराला यावा म्हणून किती आधी हात घालायचा ते ठरवले. गिरणीत त्याच्या हाताखाली सोमा होता. पन्नाशीचा, सांगितलेले अक्षरशः करणारा माणूस. नझीरने त्याला सांगितले, "गिरणी बंद झाली का जिथं असशील तिथं उबा. गिरणी चालू झाल्याबिगर हलायचं नाय. आभाळ पडलं तरी."

"आभाळ पडलं तरी," सोमा म्हणाला.

तीनदा गिरणी बंद केली आणि तीनदा चालू केली. चालू करताना दर वेळी रोजच्यासारखा सोमा हँडल मारायला होताच. त्यामुळे चालू करण्यात तालीम घेण्यासारखे काही आहे, असे कोणाच्या डोक्यात आले नाही.

तीस तारखेला, बुधवारी, साडेदहापासून गिरणीच्या अंगणात माणसे जमली. एका स्टुलावर गांधीजींची तसबीर, तिला झेंडूचा हार. तसबिरीच्या उजवीकडे वरची वाडी, डावीकडे खालची, मधे दहा हात मोकळी जमीन. दत्ताराम नव्या टेरिकॉटच्या सदऱ्यात, कुशाबा धुतलेल्या धोतरात. दळण घेऊन आलेल्या बाया भिंतीकडेला टोपल्या ठेवून उभ्या होत्या. नझीर आत, डोळा घड्याळावर.

शेवटचा ‘पुक’ अकराला एक सेकंद कमी असताना आला. सोळा वर्षांत त्याने इतके नेटके काम केले नव्हते.

सगळे गाव उभे राहिले. शेतात वाकलेली माणसे सरळ झाली. सोमा नाचणीचे पोते पाठीवर घेऊन अंगण ओलांडत होता. तो पोत्यासकट तिथेच थांबला. दोन मिनिटे कोणी खाकरलेसुद्धा नाही.

अकरा वाजून दोन मिनिटांनी नझीरने हँडल चाकाला लावले, आणि तेव्हा त्याला कळले.

इंजिन बंद करणे एका माणसाचे काम आहे. चालू करणे दोघांचे. एकाने हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा, दुसऱ्याने तोवर खटका दाबून धरायचा आणि चाकाने जोर घेतला की नेमक्या क्षणी सोडायचा. खटका हँडलपासून पुरुषभर लांब. दुसरा माणूस म्हणजे सोमा. सोमा बाहेर पोते घेऊन उभा होता आणि आभाळ पडले तरी हलणार नव्हता.

नझीरने एकट्याने करून पाहिले. चाकाला वेग दिला, हँडल सोडून खटक्याकडे धावला. तोवर चाक मंदावले. मग खटका सुतळीने बांधून पाहिला. चाकाने वेग घेतला, पण सुतळीची गाठ सुटेना. मग एक पाय खटक्यावर आणि हात हँडलवर, असे उभे राहायचा प्रयत्न केला, आणि तो पिठाच्या डब्यात बसला. इंजिनाने एकदा ‘फुस्स’ केले. बाहेर दहा-बारा माना आशेने वर झाल्या आणि पुन्हा खाली गेल्या.

अकरा सात.

दारातून पाहावे तर अंगण जसेच्या तसे. ओरडून ‘संपलं’ म्हणावे तर ठराव आडवा येत होता. ज्याने तो लिहिला तो सहदेव समोर उभा होता. वेळ होऊन गेली हे त्याला दिसत होते, ठरावाची नक्कल त्याच्या खिशात होती, आणि तो आपल्याच ओळीत अडकला होता. बाकीच्यांचे कारण वेगळे होते. दत्तारामला वाटत होते, आपण हललो तर खालचे म्हणणार, बघा, यांना दोन मिनिटंसुद्धा कळ निघाली नाही. कुशाबाला वरच्यांबद्दल तेच वाटत होते. दोघेही मान खाली घालून, डोळे वर करून एकमेकांच्या पायांवर नजर ठेवून होते.

याच सुमारास महाडची एसटी आली. लांबून तिचा आवाज ऐकून काही जणांना गिरणीच चालू झाल्याचा भास झाला. ड्रायव्हरने अंगणभर माणसे खालमानेने उभी पाहिली आणि इंजिन बंद केले. कंडक्टर पेटीसकट उतरला. उतारू उतरले. कोण गेले ते माहीत नसताना तेही टोप्या काढून ओळीत उभे राहिले.

मग शेळी आली. ती कोणाची हे नंतरही ठरले नाही. तिने तसबिरीच्या हाराकडे पाहिले, हार उंच आहे हे ध्यानात घेतले, आणि ती कमळाबाईच्या नाचणीच्या टोपलीत तोंड घालून उभी राहिली. कमळाबाई दीड हातावर होती. तिने शेळीकडे असे पाहिले की दुसरे कोणतेही जनावर पळाले असते. तिने पायाचा अंगठा हलवला. हातातली काकणे किंचित वाजवली. शेळी खात राहिली.

आत नझीर चाकाला टेकून घाम पुसत होता. माणसांनी भरलेले अंगण आणि त्यात काहीच आवाज नाही, हे त्याने सोळा वर्षांत ऐकले नव्हते. त्याने हे पाहिले होते ते एकदाच, नऊ वर्षांचा असताना. त्याचा बाप कासम महाडहून बैलगाडीने माल आणायचा. अठ्ठेचाळीस सालच्या त्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी गाडी वहाळाशी आली, आणि बापाने खाली उतरून बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून पोत्यात टाकल्या. मुकी गाडी गावात शिरली. घुंगरांशिवाय कासमची गाडी आली म्हणून लोक आपोआप दारात आले, आणि मग त्याने महाडात ऐकलेली बातमी सांगितली. कोणी कोणाला गप राहा म्हटले नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही वाड्यांत धूर निघाला नाही. त्या वेळी परिपत्रक नव्हते.

अकरा चौदा. सोमाच्या पाठीवरचे पोते थरथरू लागले होते. कुशाबाचा एक गुडघा वाकत होता. आता कोणीतरी खाली बसणार, समोरची बाजू बोट दाखवणार, आणि मग पुढचे नझीरला पाठ होते.

तो दारात आला. अंगभर पीठ, तोंड बंद. त्याने उजवा हात दत्तारामकडे केला आणि डावा कुशाबाकडे, एकदमच. मग दोन्ही मुठी करून हवेत हँडल फिरवले.

दत्तारामला वाटले, याला फेफरे आले. पण कुशाबाने सोळा वर्षे या गिरणीत दळण आणले होते. त्याने दत्तारामकडे पाहिले, भुवई उचलली, आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बोट केले. दत्तारामने आपल्या उजव्या पायाकडे पाहिले. कुशाबाने मान हलवली.

दोन्ही उजवे पाय एकदम उचलले गेले.

मग डावे. अंगणातल्या तीनशे डोळ्यांनी ती पावले मोजली. अकरा पावलांवर गिरणीचे दार होते, आणि ते एका माणसाच्या रुंदीचे होते. दोघे थांबले. पुढे कोणी जायचे? क्षणभर विचार करून दोघेही आडवे वळले आणि पोटाला पोट लावून, चौकटीवरचे वर्षानुवर्षांचे पीठ सदऱ्याने आणि धोतराने पुसत, एकदमच आत गेले.

नझीर खटक्यावर गेला. हँडल एका माणसाच्या हाताचे. दोघांनी ते चार हातांनी धरले. पहिल्या खेपेला एक ढकलत होता तेव्हा दुसराही ढकलत होता, उलट बाजूने. दुसऱ्या खेपेला दत्तारामचे कोपर कुशाबाच्या बरगडीत गेले. कुशाबा काही बोलला नाही, बोलता येत नव्हते. तिसऱ्या खेपेला नझीरने मानेने ठेका धरला, चाकाने वेग घेतला, त्याने खटका सोडला.

पुक. पुक पुक पुक.

अकरा वाजून एकोणीस मिनिटे.

मौनानंतर कातळकोंडात उच्चारला गेलेला पहिला शब्द कमळाबाईचा होता, शेळीला उद्देशून होता, आणि छापण्यासारखा नाही.

"रागवू नकोस गो," काशीबाई तिला म्हणाली. "बापूंना शेळीचंच दूध लागायचं."

"दूध ते पियाले. पन माज्या नाचण्यावर शेळी नाय सोडली त्यांनी."

माणसे मिळेल तिथे मटकन बसली. एसटीच्या एका उतारूने हळूच विचारले, "कोन गेलं?" सहदेवने तसबिरीकडे बोट दाखवले. उतारूने वळून पाहिले, आणि काढलेली टोपी आणखी थोडा वेळ हातातच ठेवली.

पण पाच मिनिटांत वरच्या वाडीतला एक जण म्हणालाच, "आदी पाय उचलला तो कुशाबानं. म्या बगितला."

"दत्तारामनं उचलला," खालून आले.

"तुजे डोळे गेलेत."

"मागल्या वर्सी तुजं डोकं गेलं व्हतं, विसरलास?"

दोन-तीन जण उभे राहिले. मधली दहा हात जमीन सहा हातांवर आली. कोणीतरी म्हणाले, नझीरला विचारा, तो समोर होता. सगळे दाराकडे वळले. नझीरला बोलायची आता मोकळीक होती, आणि वीस मिनिटे साठलेला आवाज त्याच्या गळ्यात होता.

"मी सरकार हाय?" तो गरजला. रस्त्यापलीकडे एसटीची काच वाजली. "माजं ध्यान खटक्यावर. कुनाचा पाय आदी पडला ते बगायचं असल तर उंबऱ्यात पीठ सांडलंय, त्यात पावलं उठली असतील. या आनि मोजा."

दोन्ही बाजूंचे चार-चार जण पंचनाम्याला धावले. उंबरा स्वच्छ होता. आत सोमा केरसुणी जागेवर ठेवत होता.

"सोमा, झाडलंस?"

"गिरणी चालू झाली ना," सोमा म्हणाला. "चालू झाली का म्या झाडतोच."

कुशाबा आणि दत्ताराम मागून आले होते, छातीपासून पोटापर्यंत सारखेच पांढरे. दत्तारामला आपला नवा सदरा दिसला, मग कुशाबाचे धोतर दिसले. "घरी जा रे सगळे," तो म्हणाला. "बायको मला सोलणार हाय, तिकडं तरी वेळेवर जाऊ द्या." कुशाबा हसला. त्याच्या बरगडीत दुखत होते, म्हणून थोडेच हसला. उभे राहिलेले खाली बसले. नझीरने चाळायच्या कापडाकडे पाहिले. ते अखंड होते.

सहदेवला तालुक्याला अहवाल पाठवायचा होता. ‘मौनाचा कालावधी’ या रकान्यात त्याने बराच विचार करून ‘दोन मिनिटे व वर’ असे लिहिले. कोणीही खुलासा मागितला नाही.

पुढच्या वर्षी ठरावात दुरुस्ती झाली. अकरा वाजण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस गिरणीत जाऊन हँडलशी उभा राहील, आणि सोमा अंगणात राहील, पोत्याशिवाय. तेव्हापासून कातळकोंडचे मौन बरोबर दोन मिनिटांचे होऊ लागले. महाडचा दावा चालूच राहिला. तारखेला दोन्ही बाजू एसटीत आता तोंडे समोर करून बसत आणि आपापल्या वकिलांना नावे ठेवत. नझीर दर तीस जानेवारीला हँडलच्या दोघांना तोच ठेका मानेने शिकवी. वर्षभरात त्याने इतका वेळ सलग तोंड मिटलेले जहांआराला पाहायला मिळे ते त्याच दिवशी, आणि ती मुद्दाम येऊन दारात उभी राहत असे.

त्र्याऐंशी साली वरची वाडी सगळीच्या सगळी एका लग्नाला पाचाडला गेली आणि परतीची गाडी चुकल्याने तिकडेच अडकली. अकराला पाच कमी असताना हँडलशी खालच्या वाडीचा एकच माणूस होता. नझीरने अंगणात येऊन आवाज दिला. कुशाबाने थोडा विचार केला आणि आपल्याच पुतण्याला, तीस वर्षांच्या विठूला, वरच्या वाडीच्या वतीने आत पाठवले.

विठूने हँडलला हात घातला आणि विचारले, "चाचा, म्या आता कुनाच्या बाजूचा?"

"हँडलच्या," नझीर म्हणाला. "आता गप. अकरा वाजतायत."